मिलिंदला काय काय येतं

प्रिय माय,

तू गेल्यापासून मी तुला एक ओळ लिहिली नाही. लिहायचं काय, भांडायचंच होतं तुझ्याशी! पण काल मिलिंदला अमरावतीला दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीला घेऊन गेले. तिथे जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. ऐक.

मागची तपासणी आठवते? मिलिंद तेव्हा नुकताच अठराचा झाला होता. तू महिनाभर आधीपासून त्याची तयारी करून घेत होतीस. भाकरी थापता थापता वार विचारायचीस, महिने म्हणून घ्यायचीस, रंग ओळखायला लावायचीस. त्या दिवशी नवा शर्ट, डोक्याला तेल, आत गेल्या गेल्या हात जोडून 'जय भीम'. जसा काही मुलगी दाखवायचा कार्यक्रम! आणि झाला ना तुझा लेक पास! पंचवीस टक्के अपंगत्व. सरकारी सोयींना लागतं किमान चाळीस.

मी किती चिडले होते! तर तू म्हणालीस, "माह्या लेकराले काई येत नाई, असं मी माह्या तोंडानं त्याच्यापुढं सांगू काय?" पुन्हा तपासणीचं नाव काढलं की भांडी आपटायचीस. "मी हावो ना," म्हणायचीस. माय, तू काय अमरपट्टा घेऊन आली होतीस?

आता तो माझ्याकडे, धारणीजवळच्या आरोग्य उपकेंद्राच्या क्वार्टरमध्ये आहे. मी पडले नर्स, लसीकरणाला गावोगाव जावंच लागतं. बडनेऱ्याला आपल्या गल्लीत त्याला सगळे ओळखायचे. इथे तो एकदा कोणाच्या तरी जीपमध्ये बसून पार परतवाड्याला पोचला. संध्याकाळपर्यंत मी वेड्यासारखी शोधत होते. तेव्हापासून मी बाहेरून कडी लावून जाते. हो, कडी! खिडकीतून तो विचारतो, "ताई, म्या काय केलं?" काय सांगू त्याला?

अकोल्याला त्याच्यासारख्या मोठ्या माणसांसाठी एक शासनमान्य निवासी कार्यशाळा आहे. राहायचं, शिकायचं, हाताला काम. तिथे एक जागा रिकामी झाली. तिथल्या बाई म्हणाल्या, "नवं प्रमाणपत्र आणा, पण लवकर. मागे खूप लोक थांबले आहेत." म्हणजे सगळं कालच्या तपासणीवर होतं.

आणि काल सकाळी हा पठ्ठ्या स्वतःच डोक्याला तेल चोपडून तयार! मी म्हटलं, "मिलिंद, आज जसं येईल तसं सांग." तर म्हणाला, "मले सगळं पाठ हाय."

तपासणाऱ्या मॅडम तरुण होत्या, बोलायला गोड. मिलिंदनं जय भीम केला. वार विचारले, बरोबर. महिने, बरोबर. रंग, बरोबर. प्रत्येक उत्तराला तो माझ्याकडे बघून हसत होता आणि मला घाम फुटत होता. भावानं चुकावं म्हणून टपून बसलेली बहीण पाहिलीस का कुठे? आपल्याकडे देव नाहीत, नाहीतर मी पाण्यात घालून बसले असते.

शेवटी राहवलं नाही. म्हटलं, "मॅडम, हे त्याच्याकडून आमच्या मायनं घोकून घेतलंय. दुसरं काही विचारा."

मग त्यांनी मलाच विचारायला सुरुवात केली. एकटा प्रवास करतो का? नाही. स्वतःहून आंघोळ करतो का? सांगावं लागतं. दुखलं खुपलं सांगता येतं का? नाही. एकटा राहू शकतो का? नाही. माझं प्रत्येक 'नाही' तो ऐकत होता. मध्येच उठला आणि ओरडला, "मले येते! चहा येते मले! ताई, सांग ना!"

मी खाली पाहिलं. त्या वेळी मला तुझी इतकी आठवण आली, आणि तुझा इतका रागही आला. हे तू करायला हवं होतंस. माझ्यावर सोडून गेलीस!

मॅडमनी त्याला बसवलं. हळूच विचारलं, "मिलिंद, घरात तू असलास आणि आग लागली, तर काय करशील?"

हे तू शिकवलं नव्हतंस. पण तो क्षणभरही थांबला नाही.

"मायले उठवीन."

रोज तुझ्या फोटोपुढे मेणबत्ती तोच लावतो गं. मी मॅडमना एवढंच सांगितलं, की आमची माय आता नाही. त्यांनी तेवढं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "पन्नास टक्के बसतील. होईल तुमचं काम." मी तिथेच रडले. कशासाठी, ते मलाच नीट ठाऊक नाही.

बाहेर आल्यावर त्याच्या आवडीची कचोरी घेतली. त्यानं हात लावला नाही.

"तू सगळ्याले नाई म्हनली. माय कधी असं नाई म्हने."

तुझ्या हट्टानं त्याची कितीतरी वर्षं वाया गेली, हे मी आजही म्हणेन. पण त्याचा तो चेहरा तुला बघायचा नव्हता, हे मला काल कळलं. मी पाहिला, माय. फार वाईट असतो.

सोमवारी आम्ही अकोल्याला निघू. तुला शब्द देते, तिथल्या बाईंसमोर त्याला माझ्या शेजारी उभं करून मी मोठ्यानं सांगेन. याला चहा येतो. कपड्यांच्या घड्या माझ्यापेक्षा चांगल्या येतात. नुसत्या आवाजावरून मालगाडी कोणती आणि पॅसेंजर कोणती, ते कळतं. उपकेंद्रात सुईला घाबरून रडणारं पोर याच्या मांडीवर गप्प होतं. सगळं सांगेन. माझ्याकडून काही राहिलंच, तर तो मध्ये बोलेल. त्याला मी थांबवणार नाही.

तुझी,
सुजाता