तहानेला दहापैकी दोन

पालम, १० एप्रिल २०२५

चि. प्राची हीस दत्तूकाकाचे अनेक आशीर्वाद.

तू टॅबमध्ये घालून दिलेले दोन्ही सिनेमे परभणीला डायलिसिसच्या खाटेवर पाहून संपवले. चित्रकलेचा मास्तर म्हणून रंगांना दहापैकी नऊ. समुद्रातली ती हिरवी पहाट पाहून डोळे निवले. पण तहानेला दोनच. एकोणीस दिवस थेंबाथेंबावर काढलेला माणूस एवढं भाषण कसं ठोकतो? मला डॉक्टरांनी दिवसाला तीन पेले पाणी ठरवून दिलंय, तर दुपारीच जीभ टाळूला चिकटते. बर्फातल्या सिनेमाची तऱ्हा उलटी. हिरो मरायला टेकलेला आणि मूठमूठ बर्फ खातोय. मला कीव यायच्या ऐवजी त्याचा हेवाच वाटला.

घरचं सांगतो. तुझी काकू माझ्यासमोर पाणी पीत नाही. स्वयंपाकघराच्या दाराआड, भांड्याचा आवाज न करता पिते. आल्यागेल्यालाही पाणी बाहेर ओट्यावरच देते. विचारलं तर म्हणाली, मला तहानच लागत न्हाई. या एप्रिलात! माझ्यापायी तिच्याही घशाला कोरड. थकलो गं. आज गुरुवारची एसटी मुद्दाम सोडली. तिला सांगितलं, चुकली. आता जाऊच नये असं वाटतंय.

बाकी ठीक. लोभ आहे तसा असू दे.

तुझा,
दत्तूकाका

पुणे, १३ एप्रिल २०२५

ती. काकांना प्राचीचा सा. न. वि. वि.

पत्र काल मिळालं. लगेच फोन केला, तुम्ही उचलला नाहीत. मग काकूला सगळं सांगून टाकलं, दाराआडचंसुद्धा. खुशाल रागवा.

आज मीही तीन पेले मोजून घेऊन बसले होते. चार वाजता तिसरा संपला, सव्वाचारला बाटलीच तोंडाला लावली आणि ढसाढसा रडले. तेव्हा धीर धरा म्हणायला मला तोंड नाही. पण काका, तुम्ही मला हवे आहात. लहानपणापासून प्रत्येक सिनेमाला आपण दोघांनी मार्क दिले. आता मी एकटीने कुणाशी भांडू? रजा मिळाली की येतेच.

लोभ कमी झाला तरी चालेल, एसटी सोडू नका.

तुमची,
प्राची

पालम, १७ एप्रिल २०२५

चि. प्राचीस अ. उ. आ.

चहाडखोर आहेस. सोमवारी काकू माझा हात धरूनच एसटीत चढली. चार तास खाटेशेजारी बसून राहिली. घरी आल्यावर माठातून तांब्या भरला, माझ्यासमोर पाट मांडून बसली आणि घटाघटा प्यायली. पदर भिजला तरी थांबली नाही. मग म्हणाली, मी लपायचं बंद करते, तुमी बस चुकवायचं बंद करा.

थकवा गेला असं खोटं लिहीत नाही. मशीनवरून उठलं की पाय लटपटतात, आणि आज गुरुवारीही लटपटले. तहानही आहे तेवढीच आहे. पण तिचा घसा हलताना मी टक लावून बघत होतो. इतके दिवस ती बिचारी किती तहानली होती! तुझ्या दोन्ही सिनेमांत असं एक दृश्य नव्हतं.

या दृश्याला मार्क अजून दिलेले नाहीत. रोज बघतोय, तू आलीस की दोघं मिळून देऊ.

काकूचे आशीर्वाद. लोभ धर, लवकर ये.

तुझा,
दत्तूकाका