बकेटीतल्या विहिरी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. सकाळी ११.४०
आजची मीटिंग माझीच झाली. आमच्या पाणी तपासणी लॅबचे प्रमुख संतराम सर यांनी विचारलं, "शिवशंकरराव, जुना रिपोर्ट कुणी मागितला तर किती वेळात निघेल?" मी म्हणालो, "दोन मिनिटांत." बाटल्यांतलं पाणी तपासणारी प्रतिक्षा माझ्याकडे बघतच राहिली. कौतुक असावं.
कागदी रजिस्टरं दिवाळीत माझ्याच सूचनेवरून रद्दीत गेली. आता सहा वर्षांचं सगळं क्लाऊडवर. फाईली ठेवायच्या तिथल्या जागेला बकेट म्हणतात. आमच्या बकेटीत अठरा हजार सहाशे त्रेचाळीस फाईली आहेत. एक रिपोर्ट, एक फाईल. अख्ख्या तालुक्याच्या विहिरी आपल्या लॅपटॉपच्या आत, हा विचार करत चहा घेतला.
संकल्प : ती बकेट एकदा उघडून बघणे.

४ फेब्रुवारी
शिरड शहापूरच्या भिकाबाई आल्या. साठीच्या आहेत. शेताशेजारी डिटर्जंट पावडरचा कारखाना झाला, दोन वर्षांपूर्वी. आता विहिरीचं पाणी शेंदलं की बादलीत फेस येतो. बैल तोंड लावत नाहीत. कारखानावाले म्हणतात, विहीर पहिल्यापासूनच खराब होती. २८ तारखेला औंढ्याला, तहसीलमध्ये, त्यांच्या तक्रारीची सुनावणी आहे.
"साहेब, आमी दरसाली बाटली देत होतो तुमाला. पाणी पहिलं चांगलं व्हतं, एवढंच कागदावर पायजे."
त्यांचे स्वतःचे कागद वाळवीने खाल्ले.
मी म्हणालो, उद्या या. क्लाऊडमध्ये आहे, क्लाऊडला वाळवी लागत नाही. हे वाक्य फार छान जमलं.

५ फेब्रुवारी. दुपारी २.१०
बकेट उघडली. फाईलींची नावं म्हणजे बावीस-बावीस आकडे. गाव नाही, माणूस नाही. वर शोधायची चौकट आहे, तिच्यात 'शिरड' टाकलं. काही नाही. ती चौकट फक्त फाईलीचं नाव बघते, आत काय लिहिलंय ते बघत नाही. अशी चौकट कशासाठी ठेवतात कोण जाणे.
भिकाबाई बाहेर बाकावर. सांगितलं, सर्व्हर आज जरा तापलाय.

७ फेब्रुवारी
पद्धत ठरली. फाईल डाऊनलोड करायची, उघडायची, गाव बघायचं, बंद करायची. काल आणि आज मिळून २१२ झाल्या. उरल्या १८,४३१. हिशेब केला, जुलै महिन्याच्या शेवटी संपतील. सुनावणी पुढे ढकलता येते का, हे कुणाला तरी सहज विचारणे.

१० फेब्रुवारी
मोठा शोध! फाईली डाऊनलोड करायची गरजच नसते. त्या बकेटीत जिथे आहेत तिथेच राहू द्यायच्या आणि बाहेरून प्रश्न विचारायचा. एसक्यूएल नावाची भाषा आहे, त्या प्रश्नाला क्वेरी म्हणतात. 'ज्या फाईलीत गाव शिरड शहापूर आहे, त्या दाखव', एवढं म्हणायचं. एक व्हिडिओ पाहिला, दीड तासाचा. पहिली बारा मिनिटं नीट समजली. बाकीचं त्याच धर्तीवर असणार.
घरी निताला सांगितलं, मी नवीन भाषा शिकतोय. ती म्हणाली, आधी पोरीच्या शाळेत फोन करा, तीन दिवस झाले सांगून राहिले.

१२ फेब्रुवारी
क्वेरी टाकली. एरर.
परत टाकली. वेगळी एरर. म्हणजे प्रगती आहे.
भिकाबाई रोज साडेअकराच्या बसने येतात आणि चारच्या बसने जातात. बाक नेमका माझ्या दारासमोर. त्यामुळे साडेअकरा ते चार मला खोलीतून निघता येत नाही. निघालं की "झालं का, साहेब?" पाणी पिणं बंद केलंय. पाणी तपासणीच्या लॅबमध्ये बसून.

१३ फेब्रुवारी
भिकाबाई बिस्किटांचा पुडा घेऊन आल्या होत्या. माझ्यासाठी. प्रतिक्षाच्या हातून आत पाठवला. खाल्ला नाही. दुपारी तीनला खाल्ला.

१४ फेब्रुवारी. ११.५५
प्रतिक्षा म्हणाली, "सर, मला पासवर्ड द्या, मी बघते." या लॅबमध्ये कुणाला काय करायचंय, ते मी ओळखून आहे. इतकी वर्षं डेटा मी सांभाळला आणि उत्तर हिने काढायचं?
डेटाची गोपनीयता हाही विषय आहेच. बकेटीला नियम लावता येतो, कोणाला आत सोडायचं आणि कोणाला नाही. इंटरनेटवरून तयार नियम उचलला. अर्थ असा की माझ्याशिवाय सगळ्यांना बंदी. जिथे आपलं नाव टाकायचं होतं तिथे माझं नाव टाकलं. सेव्ह.

१४ फेब्रुवारी. १२.०५
नाव तिथे नव्हतं टाकायचं. एक लांबलचक नंबर टाकायचा होता.
आता कोणीच आत जाऊ शकत नाही. मीसुद्धा. नियम काढायला गेलो तर म्हणतो, तुम्हाला हा नियम काढायची परवानगी नाही.
बाहेर बाकावर भिकाबाई, आत मी, आणि बकेट दोघांनाही बंद.

१५ फेब्रुवारी
सरांना कळवलं : क्लाऊडमध्ये वार्षिक देखभाल चालू आहे. सर म्हणाले, बराबर, करून घ्या. फार सज्जन माणूस. वाईट वाटलं. अर्धा तास.

१७ फेब्रुवारी
वाचनातून असं कळलं की कुलूप फक्त मालकाच्या खात्यातून निघतं. ते खातं संतराम सरांच्या नावावर आहे. पासवर्ड माझ्याकडे आहे, पण ओटीपी जातो त्यांच्या मोबाईलवर. ते पाव्हण्यांना घेऊन सिद्धेश्वरला धरण दाखवायला गेलेले. लॅपटॉप पाठीला बांधला आणि गाडी काढली.
धरणावर माझी रेंज एकाच ठिकाणी, भिंतीच्या टोकाला. तिथे माझ्या लॅपटॉपला नेट मिळतं, पण सरांच्या फोनला मिळत नाही. सरांच्या फोनला चाळीस पावलं मागे, एका चिंचेखाली मिळतं. मग सर चिंचेखाली, मी भिंतीवर, आणि मधे त्यांचे पाव्हणे उभे राहून एकेक आकडा ओरडत पुढे देत होते. पहिल्या वेळी सर चष्मा विसरले. दुसऱ्या वेळी पाव्हण्यांनी सहाच्या जागी नऊ ऐकलं. तिसऱ्या वेळी लागला. नियम निघाला.
सर म्हणाले, "शिवशंकरराव, देखभाल भारीच तकलीफ देणारी दिसते." मासे खायला थांबा म्हणाले. थांबलो नाही. मला त्यांच्या समोर बसून जेवता आलं नसतं.

१९ फेब्रुवारी
क्वेरी. एरर. क्वेरी. एरर. मराठी अक्षरांच्या जागी चौकोन. कधी मोबाईल नंबर तारखेच्या रकान्यात, कधी तारीख गावाच्या.
माझं मत : क्लाऊड आपल्या हवामानाला योग्य नाही.

२० फेब्रुवारी. दुपारी १.३०
आमचे सादिकभाई गाडीवर फिरून गावोगावच्या विहिरींच्या बाटल्या आणतात. त्यांची मुलगी आफिफा नांदेडला कॉम्प्युटरचं शिकते. सुटीवर आलीय. अब्बांचा डबा द्यायला आली आणि माझ्या मागे उभी राहिली.
"शिवशंकर चाचा, तुम्ही रकाने कसे वेगळे केलेत ते त्याला सांगितलंच नाही."
मी म्हणालो, ते मी शेवटी सांगणार होतो. बस, म्हणालो. शिकण्यासारखं आहे.
ती बसली. चार ओळी लिहिल्या. बटण दाबलं. अकरा सेकंद. मी मोजले.
उत्तर : शून्य.
एवढं हायसं वाटलं की सांगता येत नाही. बघ, म्हणालो, डेटाच नाही! तेवढ्यात तिने दुसरी क्वेरी टाकली, कोणत्या गावाचे किती रिपोर्ट. पडद्यावर आलं, जवळा बाजार : ९,११७.
सादिकभाई डब्याचं झाकण हातात घेऊन आले. पडद्याकडे बघत म्हणाले, "जवळा बाजारात एवढ्या विहिरी न्हाईत हो साहेब. एवढी घरं बी न्हाईत. मी तर तिथनं आजवर धा-पंधराच बाटल्या आनल्या."
प्रतिक्षाने विचारलं, नोंदी कोण करायचं? अर्ध्या तालुक्याच्या नोंदी ती स्वतः करते. शिरडकडच्या अर्ध्याच्या करणारा एकच माणूस होता.
फॉर्ममध्ये गावांची यादी उघडायची आणि पहिलं नाव जवळा बाजार असायचं. गाव निवडल्याशिवाय फॉर्म पुढे जात नव्हता. बाटल्यांच्या हंगामात महिनाभर रोज साठ-सत्तर फॉर्म. माणूस पुढे जाणारच ना?

२१ फेब्रुवारी
रिपोर्टात माणसाचं नाव नसतं, पण आफिफानेच मार्ग काढला. रिपोर्ट तयार झाला की मेसेज जायचा, म्हणजे मोबाईल नंबर खरे असणार. भिकाबाईंकडे फोन नाही, त्यांची सून रुपा हिचा नंबर दिलेला. तो टाकला. सात रिपोर्ट आले. २०१९ पासून दरसाल एक, २०२४ ला दोन. पहिल्या चारांत क्षार पाचशेच्या आत, म्हणजे पाणी चांगलं. २०२३ ला तेराशे. २०२४ ला एकोणीसशे, मग बावीसशे.
भिकाबाई म्हणाल्या, "व्हय, तीच हीर." पडद्याला हात लावला. मग आफिफाच्या डोक्यावरून फिरवला.
सात रिपोर्टांवर मोठ्या अक्षरांत, गाव : जवळा बाजार.

२२ फेब्रुवारी
सर म्हणाले, समोरचा वकील विचारणार, ही विहीर हिची कशावरून? ज्याने नोंद केली त्याने सुनावणीत येऊन लिहून द्यायला हवं की गाव चुकीचं टाकलं, आणि का टाकलं. "आवाज चढवून बोलायला लावू नका मला," असं म्हणाले. चढवला नाहीच. तेच जास्त लागलं.
मी सुचवलं की सॉफ्टवेअरने टाकलं असं लिहू. प्रतिक्षा म्हणाली, उरलेल्या साडेनऊ हजार नोंदींत मग गाव कोणी बरोबर टाकलं? त्या नोंदी तिने केलेल्या, रुजू झाल्यापासून.

२४ फेब्रुवारी
अंगात कणकण. थर्मामीटर ९८.४. थर्मामीटर जुना आहे.
२८ ला परभणीला मेव्हण्याकडे जाणं अत्यंत गरजेचं वाटू लागलंय. निता म्हणाली, त्याच्याशी तुमचं चार वर्षांपासून बोलणं नाही. म्हणूनच तर जायचं, म्हणालो.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र
औंढ्याचे रस्ते दर्शनाच्या गर्दीने बंद. मनात आलं, ही गर्दी २८ पर्यंत राहिली तर. चौकशी केली. राहत नाही.

२७ फेब्रुवारी. सकाळी १०.१५
भिकाबाई घरी आल्या. मी परभणीची पिशवी भरत होतो. निताने त्यांना आत घेतलं, चहा ठेवला. पिशवी खाटेखाली सारली, अर्धी बाहेर राहिली.
मी बोललो बरंच. यंत्रणा, रकाने, हवामान. त्या ऐकत होत्या. कप खाली ठेवून म्हणाल्या, "दादा, मला त्यातलं कळत न्हाई. तुमी लिहून दिलं तर ती माजी हीर. न्हाई दिलं तर जवळा बाजारची. माज्या मालकानं सोताच्या हातानं खांदलेली. ते गेले. आता ती दुसऱ्या गावाची कशी करू?"
रागावल्या असत्या तर मला काहीतरी बोलता आलं असतं.
त्या गेल्यावर निताने पिशवी बाहेर ओढली. पिशवीतले कपडे काढून परत कपाटात ठेवले. माझा पांढरा शर्ट तेवढा इस्त्रीला घेतला.

२८ फेब्रुवारी. दुपारी ३.२०
औंढा. सुनावणी.
वकिलाने विचारलंच. मी उभा राहिलो. रस्त्यात भाषण तयार केलं होतं, डिजिटल स्थित्यंतरातील आव्हानं असं. तोंडातून निघालं, "साहेब, गाव मी चुकीचं टाकलं."
अधिकाऱ्यांनी विचारलं, "अशा किती नोंदी चुकल्या?"
'एकच' म्हणणार होतो. सादिकभाई मागच्या रांगेत बसले होते.
"नऊ हजार शंभर."
"कशामुळे?"
"यादीत पहिलं नाव तेच होतं."
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. लिहून दिलं, सही केली. हुद्दा विचारला. डेटा मॅनेजर सांगणार होतो, पण सर बघत होते. संगणक चालक लिहिलं. सातही रिपोर्ट मान्य झाले. कारखान्याचा सांडपाण्याचा खड्डा पुढच्या आदेशापर्यंत बंद.
भिकाबाईंनी बाहेर मला हात जोडले. मी इकडे तिकडे बघितलं, दुसरं कोणी उभं असेल म्हणून.

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.००
सरांचा लेखी आदेश. नऊ हजार शंभर नोंदींचं गाव प्रत्यक्ष विहिरीवर जाऊन दुरुस्त करणे. वाहन : सादिक यांची मोटारसायकल. आसन : मागचं.
माझ्या खोलीत आता आफिफा, सुटी असेपर्यंत.

सकाळी १०.३०
पहिली विहीर. बारा किलोमीटर. मी या तालुक्यात जन्मलो, बेचाळीस वर्षं इथेच आहे. गाडीवरून उतरलो, फॉर्म काढला, पेन काढलं. गावाच्या रकान्यापाशी थांबलो.
सादिकभाईंना विचारावं लागलं, हे गाव कोणतं.