बोरीवलीचा माणूस एकेरीवर आला

३ फेब्रुवारी
ग्रुपवर वाद बंद. रिटायर झालो ते शांत राहायला. ज्या अ‍ॅपचा कोड सगळ्यांना बघता येतो तेच वापरावं, हे उघड आहे. खुल्या कोडचं ओपन सोर्स की कंपनीच्या कुलुपातलं क्लोज्ड सोर्स, हा विषय माझ्यापुरता संपला.

त्याच दिवशी, दुपारी
बोरीवलीच्या सुबोधने ग्रुपवर विचारलंय, अहो नंदकुमार, तो कोड तुम्ही कधी उघडून बघितलात का? उत्तर देणं भाग होतं. वाद नव्हे, खुलासा. चार खुलासे केले.

९ फेब्रुवारी
घरातली सगळी क्लोज्ड अ‍ॅप काढली. इरावतीच्या फोनमधलीसुद्धा. ती म्हणाली, माझ्या भिशीच्या बायका मला आता कुठे शोधणार? संध्याकाळपर्यंत तिने सगळी परत घेतली. बायको आहे, वेळ लागणार. मी फक्त ग्रुपचं अ‍ॅप ठेवलं. ते क्लोज्ड आहे, पण शत्रूच्या गोटात कोणीतरी हवं.

१४ फेब्रुवारी
सोसायटीची नोटीस ओपन सोर्समध्ये टाइप केली. छापताना जोडाक्षरं फुटली. 'गच्चीची दुरुस्ती' वाचून आमच्या मुलुंडात कोणाला काही कळेना. चूक प्रिंटरची. फोटो ग्रुपवर टाकायला नको होता. सुबोध दिवसभर हसत होता. मंगळवारी आणि शुक्रवारी तर त्याला ऊतच येतो. रिकामटेकडा दिसतो.

२ मार्च
हद्द झाली. सुबोध एकेरीवर आला. अरे नंद्या, तुझी जोडाक्षरं जोडून झाली का रे, म्हणे. ग्रुपवरच्या दीड वर्षात प्रथमच. इरावती म्हणाली, अहो, जवळचं मानलं म्हणून अरे म्हणाला. तिला वादातलं कळत नाही. मुद्दे संपले की माणूस एकेरीवर येतो. ग्रुपचा अ‍ॅडमिन मुकुल याच्याकडे रीतसर तक्रार केली.

३ मार्च
मुकुलने सुबोधला पंधरा दिवस ग्रुपबाहेर काढलं. विजय. इरावतीला म्हटलं, काहीतरी गोड कर. तिने दुधी केला.

१० मार्च
मोठा लेख टाकला. सगळ्यांना पटला. नुसते अंगठे. एकालाही काही विचारावंसं वाटलं नाही. मंगळवार म्हणून सकाळपासून फोन उघडून बसलो होतो. वाट वगैरे बघत नव्हतो.

१९ मार्च
बंदी काल संपली. मुकुलने सुबोधला परत घ्यायला मेसेज केला, तर त्याच्या फोनवरून बायकोचं उत्तर आलं. प्रेमाताईंचं. सुबोध अकरा तारखेला गेला. मंगळवार-शुक्रवार डायलिसिस असायचं. एक हात मशीनला जोडलेला असताना दुसऱ्या हाताने मला उत्तरं लिहायचा. ग्रुपमधून काढल्यावर त्यांना म्हणाला होता, नंद्या रागावलाय बहुतेक, जरा बरं वाटलं की मुलुंडला जाऊन समजूत काढतो.

मुकुलला फोन करून झापलं. एका शब्दासाठी पंधरा दिवस म्हणजे अति झालं, म्हटलं. तो म्हणाला, काका, तुम्ही महिना मागितला होता.

२० मार्च
आई गेल्यापासून मला अरे म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. हे त्या दिवशी सुचलं नाही. फार वाईट वाटतंय. उद्या प्रेमाताईंना भेटायला बोरीवलीला जाणार. नक्की.

२४ मार्च
गेलो नाही. गुडघा.

ग्रुपवर क्लोज्ड सोर्सची बाजू मांडायला आता कोणी नाही. एकतर्फी वाद बरा नाही. म्हणून जुन्या सिमवर दुसऱ्या नावाने खातं काढलं, ग्रुपमध्ये शिरलो आणि लिहिलं, आमचं काही बिघडलं तर निदान कंपनीची कॉलर धरता येते, तुम्ही कोणाकडे जाणार? मग माझा नेहमीचा फोन घेऊन उत्तर लिहायला बसलो. पहिल्यांदाच काही सुचेना. मुद्दा बरोबर होता. इरावती जेवायला हाक मारत होती. लिहायचं मलाच होतं, आणि मी फोनकडे बघत सुबोधची वाट बघत होतो.