‘सावकाश’बद्दल घरचं मत

ता. ३ नोव्हेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. सगळं ठीक आहे, म्हणजे काहीच ठीक नाही, पण हातपाय शाबूत आहेत. फोन मी मोज्यात गुंडाळून बॅगेच्या तळाशी कोंबलाय आणि तरी दर पाच मिनिटांनी बॅगेकडे बघते. शिवाय आपल्या घरात फोनवर तिघंही एकदम बोलतो, म्हणून महत्त्वाचं असेल ते लिहून कळवायचं, हा आईचाच नियम.

‘सावकाश’ बाजारात येऊन पंधरवडा उलटला. जाणकार म्हणतात, मी परिपक्व झाले. झाडून सगळ्यांनी हाच शब्द वापरलाय, जणू गेली दोन वर्षं मला कुणी आढीत घालून ठेवलं होतं. ज्यांनी माझ्या आधीच्या ‘धांदल’वर नाचून चपला झिजवल्या, ते म्हणतात झोप येते. एकीला माझी काळजी वाटते, तिने घरी सगळं बरं आहे ना असं विचारलंय. एकाने लिहिलंय की इस्त्री करताना ऐकायला याच्याइतका चांगला अल्बम नाही, एकही कपडा जळला नाही. मामा, ही स्तुती आहे का रे? कंपनीचे साहेब तर रोज विचारतात की यात ढोल कुठेय. आम्ही त्यांना मागे ढोलसाहेबच म्हणतो.

पण हे सगळं गेलं उडत. आई काहीच बोललेली नाही. अल्बमचं नाव तिचंच आहे, गाडी शिकायला येणाऱ्यांना ती दिवसभर तेच एक सांगत असते. आणि ‘जिन्यातला दिवा’ तर अख्खं तिच्यावर आहे. मी तालमींहून उशिरा यायचे तेव्हा दाराबाहेरचा दिवा चालू असायचा आणि आत ती माझी वाट बघत असायची, ते सगळं त्यात आहे. गाणं रेकॉर्ड करताना माझा आवाज दोनदा फाटला. तिने ऐकलंय हे मला माहीत आहे, कारण सीडी मीच पाठवली. मग मूग गिळून का बसलीय?

तू तिच्याकडून काढून घे. मी विचारायला लावलं हे कळू देऊ नकोस. तुझ्या पोटात काही राहत नाही हे ठाऊक असूनही तुलाच सांगतेय, कारण मला दुसरा मामा नाही.

लोभ ‘धांदल’च्या वेळी होता तेवढाच राहू दे, परिपक्व होऊ देऊ नकोस.

तुझी,
भुंगा

---

ता. ९ नोव्हेंबर, दवाखान्यातून

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद, आणि एक जास्तीचा इस्त्रीवाल्याकडून.

तुझा अल्बम आठवडाभर दवाखान्यात लावतोय. दातांच्या डॉक्टरकडचा श्रोता फार गुणी. उठून जाऊ शकत नाही आणि मधेच मत देऊ शकत नाही. अडचण एकच आहे. ‘धांदल’ वाजायचं तेव्हा माझं ड्रिल त्यात खपून जायचं, पेशंटला वाटायचं की गाण्यातच काही वाजतंय. आता तू गाण्यांत मोकळ्या जागा सोडल्या आहेस. पेपरवाले त्यांना अर्थपूर्ण शांतता म्हणतात. माझ्याकडे त्या शांततेत ड्रिल ऐकू येतं. चौथ्या गाण्यात तू ‘थांब जरा’ म्हणून गप्प होतेस, त्या क्षणी खुर्चीतल्या गृहस्थांनी माझं मनगटच पकडलं.

बाहेरच्या बाकावरची मतं कळवतो. निवृत्त हेडमास्तर म्हणाले की आता शब्द तरी कळतात, पूर्वी ही मुलगी तोंडात गरम बटाटा धरून गायची. तारा लावलेल्या दोन कॉलेजकन्यांना अल्बम मनापासून आवडलाय, पण मैत्रिणींना त्या सांगणार नाहीत. एक बाई ठामपणे म्हणाल्या की हिला कुणीतरी फसवलेलं दिसतंय. मी म्हटलं, हो, रेकॉर्ड कंपनीने. माझी असिस्टंट तुझी जुनी चाहती. तिचं म्हणणं, मुलगी मोठी झाली हे ठीकच, पण आमच्या डोक्यावर बसून मोठं व्हायला कुणी सांगितलं होतं?

आणि आमचे पडदेवाले! चौकात पडद्यांचं दुकान आहे ते. ‘जिन्यातला दिवा’ ऐकून खुर्चीतच ढसाढसा रडले. इंजेक्शन चढलं नाही की काय म्हणून मी टोचून पाहिलं, चढलं होतं. मग मला राहवेना. सांगून टाकलं की गाण्यातली माउली म्हणजे माझी सख्खी बहीण. त्यांच्या दोन्ही गालांत कापसाचे बोळे होते, त्यामुळे निर्धास्त सांगितलं.

ताईकडेही जाऊन आलो. मी गाण्याचा विषय काढला की ती क्लचप्लेटचा काढायची. क्लचप्लेटबद्दल आता मला इतकं कळतं की गॅरेज टाकीन. निघताना तिने एवढंच विचारलं की तू वेळेवर जेवतेस का. हे मत धरायचं की नाही, तू ठरव.

लोभ असावा. दातांचीही काळजी घे, आता तुझे संथ गाण्यात जास्त दिसतात.

तुझा,
मामा

---

ता. १४ नोव्हेंबर

तीर्थरूप आईस,
शि. सा. न.

तू कशी आहेस? मी बरी आहे, वेळेवर जेवते. (मामाने कळवलं म्हणून नाही, सहजच लिहिलं.)

एकोणतीस तारखेला ‘सावकाश’ पहिल्यांदा लोकांसमोर गायचाय. सोबत पास ठेवलाय. पहिली रांग, मधली खुर्ची, पाय लांब करता येतील अशी. ‘जिन्यातला दिवा’ सगळ्यात शेवटी आहे. त्याची तालीम करताना मी रोज त्या खुर्चीकडे बघून गाते, सध्या तिथे ध्वनियंत्रणावाल्याचं जाकीट असतं.

आई, काहीतरी बोल ना. लोकांची इतकी मतं वाचली की आता मला माझं मतच आठवत नाही. खोलीत बसवत नाही, म्हणून लॉजच्या जिन्याने वरखाली करते. काल मॅनेजरने विचारलं की मॅडम, लिफ्ट बंद आहे का. तुला अल्बम आवडला नसेल तर तसं लिही. पण लिही.

तुझा लोभ मागायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं, मागतेय.

तुझी,
भुंगा

---

ता. १९ नोव्हेंबर

चि. भुंग्यास आशीर्वाद.

पत्र पोचलं. पास परत पाठवतेय. रागावले नाही असं लिहिणार होते, पण रागावलेय.

आठवडाभर माझ्याकडे शिकायला येणारा प्रत्येक माणूस मला आजाऱ्याकडे बघावं तसं बघतोय. तुझ्या मामाचे पडदेवाले माझेच शिकाऊ, हे त्या दातपाड्याला माहीत नव्हतं. त्यांनी गेल्या आठवड्यात भर चौकात गाडी बंद पाडली आणि मला म्हणाले की बाई, तुम्ही फार सोसलंत. मागे ट्रक हॉर्न वाजवतोय आणि हे डोळे पुसताहेत, हँडब्रेक ओढायचं भान नाही. नंतर त्यांनी ते सगळ्या बॅचला सांगितलं. आता कुणी माझ्याशी वाद घालत नाही. चुकीचा गिअर टाकल्यावर मी ओरडले तर मान खाली घालून ऐकून घेतात, म्हणे बाईंच्या मनात केवढं साठलंय! ऑफिसातल्या बाई रोज संध्याकाळी विचारतात, सोबतीला येऊ का. कशाला? मी गाडीने जाते, त्या पायी.

आता खरं काय ते ऐक. मी वाट बघत बसत नव्हते. तू तालमीला गेलीस की समोरच्या बाई यायच्या, आम्ही पत्ते कुटायचो आणि मी जिंकायचे. तुझ्या गाण्यात मी खिडकीशी उभी आहे. आपली खिडकी शेजाऱ्यांच्या बाथरूमसमोर उघडते. तिथे रोज उभी राहिले असते तर पोलिसांत तक्रार गेली असती. आणि जिन्यातला दिवा चालू असायचा कारण त्याचं बटण बिघडलं होतं. कितीही दाबलं तरी दिवा बंद होत नव्हता. एवढी साधी गोष्ट आहे.

गाणं चांगलं आहे. तुझा आवाज आता छातीतून येतो, पूर्वी नाकातून यायचा. पण ती बाई मी नाही. ती उसासे टाकते. मला उसासे टाकायला वेळ कुठे होता? तुझे बाबा गेले त्याच्या पुढच्या महिन्यात मी ड्रायव्हिंग स्कूलला लागले. तू तिला हॉलभर लोकांपुढे माझ्या नावाने उभी करणार असशील, तर ती खुर्ची जाकिटालाच राहू दे.

लोभ आहे. तो कमी होत नाही म्हणूनच एवढं लिहिलं.

आई

---

ता. २२ नोव्हेंबर

ती. मामास,
नमस्कार, तोही रागानेच.

कापसाचे बोळे नंतर काढायचे असतात, हे तुला कॉलेजात शिकवलं नव्हतं का?

आईचं पत्र सोबत पाठवतेय, वाच आणि लाज वाटून घे. मला तर काहीच सुचत नाहीये. मामा, सगळे जण ज्या गाण्यामुळे मला परिपक्व म्हणताहेत, ते हेच. मी आईला समजून घेतलं म्हणतात. आणि आई म्हणते, ती मी नव्हेच. मग मी नेमकं कुणाला समजून घेतलं? ढोलसाहेब म्हणतात की हे गाणं गाळलं तर लोक खुर्च्या मोडतील. वर त्यांची कल्पना अशी की स्टेजवर दिवा लावायचा आणि आईला हात धरून वर आणायचं. मी म्हटलं, आणून बघा, ती तुमचं लायसन्स रद्द करेल.

गाणं गाळलं तर अल्बमचा कणाच जातो. गायलं तर आई जाते. कार्यक्रम तोंडावर आलाय आणि माझा सूर जिन्यात वरखाली करतोय. एकच सांग, तू तर सारखा येत होतास. ते बटण खरंच बिघडलेलं होतं?

लोभाचं नंतर बघू.

भुंगा

---

ता. २५ नोव्हेंबर, दवाखान्यातून

चि. भुंग्यास,
आशीर्वाद, घेशील तर.

माझी चूक शंभर टक्के. चोवीस वर्षं माणसांची तोंडं माझ्यासमोर उघडी असतात, पण त्यांतून बोलणं येत नाही. त्यामुळे माणूस इथून गेल्यावर बोलायला लागतो, हे माझ्या ध्यानातूनच गेलं. पडदेवाल्यांची पुढची दाढ मी सावकाश काढणार आहे.

बटणाचं मला नाही आठवत. मी आलो की दिवा असायचाच. मलाही वाटायचं की तुझी वाट बघतेय. पण माझ्या वाटण्याला काय किंमत? मला तर असंही वाटलं होतं की पडदेवाले गप्प बसतील. ताईला विचारायला गेलो, तर दार उघडलं आणि मला बघून लावलं.

तू सल्ला मागितला नाहीस, म्हणून फुकट देतो. तुला तिच्याबद्दल जे वाटलं ते तू गायलीस, ते झालं. आता तिने स्वतःबद्दल लिहून पाठवलंय. ते तुझ्या समीक्षकांपेक्षा बरं लिहिलंय आणि त्यात एकही उसासा नाही. बघ त्याचं काही होतं का.

असिस्टंटने निरोप दिलाय की ‘थांब जरा’ तिला आता आवडायला लागलंय. पेशंट मात्र तिथे अजूनही मनगट धरतात.

लोभ परत मिळेपर्यंत उधारीवर चालवून घेईन.

मामा

---

ता. १ डिसेंबर

चि. भुंग्यास अनेक आशीर्वाद.

मी आले होते. पहिल्या रांगेत नाही, शेवटून दुसऱ्या, दाराशेजारी, म्हणजे निघायचं झालं तर गाडी काढायला सोपं. तुला सांगणार नव्हते. पण पार्किंगमध्ये ढोलसाहेबांनी माझ्या पुढ्यात गाडी आडवी लावली, मी त्यांना चार शब्द सुनावले आणि त्यांनी मला ओळखलं. ते तुला सांगतीलच, त्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

तुला मतं हवी होती ना? घे. माझ्या उजवीकडच्या मुली पहिली तीन गाणी ‘धांदल’ ‘धांदल’ ओरडत होत्या, चौथ्याला गप्प झाल्या आणि मग एकीने दुसरीला विचारलं की तू रडतेयस का, तर ती म्हणाली की सर्दी झालीय. पुढचं जोडपं भांडत होतं. त्याचं म्हणणं, ही आता म्हाताऱ्यांची गायिका झाली. तिचं म्हणणं, मग तू पहिल्या रांगेत जाऊन बस. डावीकडचे गृहस्थ सरळ झोपले होते, पण टाळ्या मात्र बरोबर जागेवर वाजवत होते. तू थोडी घाई करतेस. दोन गाण्यांच्या मधे श्वास घेत जा. तुझ्या अल्बमचं नाव काय आहे?

शेवटचं गाणं लागलं तेव्हा मी पर्स उचलून उभी राहिले होते. पहिलं कडवं तसंच होतं. मग तू खिडकी गाळलीस. तिथे समोरच्या बाई आल्या, पत्ते आले, मी जिंकले. आणि तू म्हणालीस की दिवा वाट बघत नव्हता, त्याचं बटण बिघडलं होतं. अख्खा हॉल हसला. मीही हसले. मग तू तीच ओळ पुन्हा म्हणालीस, अगदी हळू, तेव्हा कुणी हसलं नाही. उजवीकडच्या मुलीची सर्दी वाढली. मी खाली बसले.

पडदेवाले सोमवारी क्लासला आले, पेपरात वाचून. त्यांचा फार हिरमोड झालाय. म्हणाले की बाई, तुम्ही पत्ते खेळत होता? मी म्हटलं, क्लच सोडा.

आता बटणाचं. मामालाही तू विचारलंस म्हणे, त्याने बंद दाराबाहेरूनच सांगितलं. हे बघ, मी गाडीचा फ्यूज रस्त्याच्या कडेला उभी राहून बदलते. हॉर्नची वायर स्वतः जोडते. तुझे बाबा गेल्यापासून घरातला नळ, कुलूप, पंखा, सगळं मीच उघडलं आणि मीच बसवलं. मग ते एक बटण तेवढं इतकी वर्षं बिघडलेलं कसं राहिलं, हे हॉलमध्ये कुणाच्या लक्षात आलं नाही. पडदेवाल्यांच्याही नाही, मामाच्या तर येणारच नाही. तू घर सोडून गेलीस त्याच आठवड्यात मी ते दुरुस्त केलं. एक स्क्रू सैल होता.

हे गाण्यात घालायचं नाही.

कधी येतेस ते आधी कळव. स्क्रू परत सैल करायला फार वेळ लागत नाही, पण स्टूल समोरच्या बाईंकडे आहे.

लोभ आहेच, त्याला बटण नाही.

आई