नावावरची पाटी

सोमवार, ४ मार्च

आम्ही बंद झालो आहोत म्हणे! मला आज कळलं.

पडदे शिवणाऱ्या बाई सुया घ्यायला आल्या. दारातच थबकल्या – "अय्या, उघडं आहे?" म्हटलं, उघडं नाही तर मी काय भिंतीतून आत आले? तर म्हणतात, "अहो, नेटवर तुमच्या दुकानाचं नाव टाकलं की कायमचं बंद झालं असं येतं. मी माझी दोन्ही मशीनं दुसरीकडे दिली दुरुस्तीला." दोन्ही! ती मशीनं बाबांनी त्यांना पारखून घेऊन दिली होती.

त्या गेल्यावर बघितलं. www लावून नाव टाकलं तर मी खपून केलेली साईट – फोटो, वेळा, फोन नंबर, सगळं झकास. www न लावता नुसतं नाव टाकलं तर पांढरं पान. "शिलाई मशीन दुरुस्तीचे आमचे दुकान कायमचे बंद झाले आहे. आजवरच्या लोभाबद्दल आभार."

दादाची पाटी. बाबा गेल्यावर महिन्याच्या आत लावली होती. दुकान मी चालवणार म्हटल्यावर काढली असेल असं मी धरून चालले. मी आपली नेहमी www टाकते, त्यामुळे ती कधी माझ्या नजरेसच पडली नाही. डोक्यात अशी तिडीक गेली!

मंगळवार, ५ मार्च

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा वाचून काढलं सगळं. नुसत्या नावाला मूळ डोमेन म्हणतात. ते कुठे न्यायचं हे एका यादीत लिहिलेलं असतं. त्या यादीत दादाच्या जुन्या पानाचा क्रमांक आहे, तो काढून माझ्या साईटवाल्यांनी दिलेले चार क्रमांक टाकायचे. संपलं. जाम झालेली शटल सोडवण्यापेक्षा सोपं आहे!

मिस्त्री म्हणाले, "ताई, मग इतके दिवस थांबलात कशाला?" बाबांच्या वेळचे आहेत, काहीही बोलू शकतात. यादी दादाच्या खात्यात आहे, ही खरी गोम. मागे www ची एक ओळ टाकायला वहिनीकरवी निरोप धाडला होता. त्याने ती टाकली आणि हात झटकले.

बुधवार, ६ मार्च

वहिनीला फोन. तिला सगळं सांगितलं, पाटीचंसुद्धा. ती म्हणाली, "अगं, तूच बोल ना त्याच्याशी. किती दिवस मला मधे घालणार आहात दोघं?" म्हटलं, मी बोलायचं सोडलं नाही, त्याने सोडलं.

आणि खोटं नाही ते. बाबा गेले आणि हा म्हणाला, विकून टाक सगळं. हातासरशी, जुनं कपाट विकावं तसं! मी नाही म्हटलं तर उठून गेला. बाबांची तेल मुरलेली टोपीसुद्धा नेली नाही त्याने. दादाला बाबांचं काही नव्हतंच. दुकानाचं तर नव्हतंच नव्हतं.

गुरुवार, ७ मार्च

झालं काम! पण क्रमाने लिहिते.

सकाळी अकराला वहिनीचा निरोप – पासवर्ड पाठवलाय, आत शिरताना त्याच्या फोनवर कोड येईल, तो दोन मिनिटांतच वापरावा लागतो, तेव्हा त्यालाच फोन कर. म्हणजे करावाच लागला. तीन वर्षांनी भाऊ-बहीण बोललो, आणि बोललो काय? सहा आकडे. वर त्याने विचारलं, "काय काय बदलणार आहेस?" "तुझी पाटी काढणार." तो म्हणाला, "बरं. बाकीचं आहे तसं राहू दे." म्हटलं, मला कळतं. ठेवला फोन. अजून मोठेपणा सुटत नाही!

यादी उघडली. पाटीची ओळ काढली. चार क्रमांक टाकले. नावाच्या रकान्यात दुकानाचं अख्खं नाव लिहिलं, तर ते एकाला एक जोडून दोनदा आलं. कपाळाला हात! तिथे नुसतं @ टाकायचं असतं. ते केलं.

मग खाली बघितलं तर मेलच्या दोन ओळी आणि एक भलीमोठी अगम्य ओळ. बाबांचा जुना मेलचा पत्ता होता ना या नावावर, त्याच्या. दुकानाची मेल केव्हाच दुसऱ्या पत्त्यावर येते. बाबा गेले, आता कोण वापरतंय? घर साफ करायला घेतलं की पुरतं करावं. काढून टाकल्या तिन्ही.

मिस्त्री मागे उभे राहून बघत होते. "काढलेलं कुठे ठेवलंत?" बाबांची शिस्त – मशीन खोललं की प्रत्येक स्क्रू डबीत, ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने. म्हटलं, मिस्त्री, इथे डबी नसते. "मग लिहून तरी घेतलंत?" मी हसले. ते काही हसले नाहीत, कात्री पुसत बसले.

शुक्रवार, ८ मार्च

अजून पाटीच दिसतेय. मिस्त्रींनी सकाळपासून चारदा विचारलं, "उतरली का?" अठ्ठेचाळीस तासही लागू शकतात, असं त्यांना चारदा सांगितलं. मला काळजी नाही. चुकलेलं नाही काही.

शनिवार, ९ मार्च

उतरली! सकाळी साडेनऊला. नुसतं नाव टाकलं आणि माझी साईट – मिस्त्री मशीनच्या पट्ट्याला ताण देतायत तो फोटो, मोठ्ठा. आधी "हे पान सुरक्षित नाही" अशी धमकी येत होती, पण त्याचं प्रमाणपत्र आपोआप मिळतं हे मी वाचलं होतं. दुपारपर्यंत पत्त्याशेजारी सुरक्षिततेचं कुलूपही आलं. मिस्त्रींना दाखवलं. स्वतःचा फोटो बघून म्हणाले, "पोट फार दिसतंय." पण दिवसभर खुशीत होते.

मी काय कमी खूश होते? बाबांच्या आडनावावर तीन वर्षं "बंद" लिहिलेलं होतं आणि ते मी माझ्या हाताने काढलं. कोणाची मदत न घेता. सहा आकड्यांची घेतली, ती मदत नव्हे.

सोमवार, ११ मार्च

चार फोन! एक गणवेश शिवणारा – आठ मशीनं आहेत, महिन्यातून एकदा येऊन बघाल का? म्हटलं, उद्याच येते. तो म्हणाला, "मला वाटलं होतं तुमच्याकडचं सगळं आवरलं." छे! काय बिशाद!

पडदेवाल्या बाई एक मशीन परत घेऊन आल्या. दुसरीकडे टाका उलटा पडत होता म्हणे. मी त्यांना काही म्हणजे काही बोलले नाही. चेहरा मात्र बोलला असेल.

बुधवार, १३ मार्च

आठही मशीनं बघून आले. हात काळे, पाठ मोडली, मजा आली. वहिनीला कळवलं – दादाला सांग, दुकान चालू आहे.

गुरुवार, १४ मार्च

दादाचा फोन. आपणहून! वाटलं, अभिनंदन करतोय. तर – "बाबांच्या मेलच्या ओळी काढल्यास?" म्हटलं, हो, कोण वापरतं तो पत्ता? तर म्हणाला, "मी लिहितो त्यांना. दर रविवारी. या रविवारचं आज परत आलं."

माझ्याकडे त्या ओळी कुठेच नव्हत्या. त्याच्याकडे होत्या. तो एकेक अक्षर सांगत गेला, मी टाकत गेले. दोनदा चुकलं, पहिल्यापासून घेतलं.

म्हटलं, दादा, आता पाठव. पोचेल.