शेवटच्या पॉइंटचा फोटो

प्रिय अण्णा,

काल रोल धुऊन आला, म्हणून लिहिते आहे. मराठी तू घरात जन्मभर बोललास, शाळा तमिळ म्हणून वाचायला मात्र शिकला नाहीस. आता ती सबब चालणार नाही.

तुझ्या तेराव्याला भिंतीवर ओळखपत्रातला फोटो मोठा करून लावला. टाय बांधलेला, घाबरलेला कारकून. बॉल बॅडमिंटनची बॅट हातात असलेला तुझा एकही फोटो घरात नाही. का नाही, हे साऱ्या नातेवाइकांना पाठ आहे. माझ्या, सरूच्या फ्लॅशमुळे!

तुझ्या शेवटच्या सामन्याचा, अकरा वर्षं साड्यांखाली पडलेला तो रोल मी शेवटी मैलापूरच्या स्टुडिओत दिला. "काय अम्मा, लोणचं घातलं होतं की काय?" मालक म्हणाले. एकच चित्र निघेल तर निघेल, असंही म्हणाले. एकच निघालं.

तेव्हा कॉलेजात होते मी. काकांनी सिंगापूरहून आणलेला साधा कॅमेरा, शटरचा वेग बदलायची सोय नाही. ऑफिसांचे सामने संध्याकाळी, बांबूंना बांधलेल्या ट्यूबलाइटखाली. पहिल्या दोन रोलमध्ये तुम्ही सगळे धुराचे लोट होता. तू हसलास. "खेळाडू कुठे गे? ही तर भुतं!" म्हणून मी खांबाला टेकून श्वास धरायला शिकले. म्हणून फ्लॅश मागून आणला. तुझ्यासाठीच ना?

अंतिम सामन्याचा शेवटचा पॉइंट. पिवळा लोकरीचा चेंडू तुझ्याकडे आला. मी बटण दाबलं. पांढरा उजेड पडला आणि तुम्ही हरलात.

तू बॅट फेकलीस. सगळ्या मांबळम पेठेसमोर ओरडलास, "घाल ती पेटी गटारीत! आंधळा केलास मला!"

त्या रात्री मी कॅमेरा काकांना परत दिला. पुन्हा हातात घेतला नाही. तूही पुन्हा खेळला नाहीस. विचारलं की सांगायचास, "त्या फ्लॅशपासून अंधारी येते." प्रत्येक लग्नात कोणीतरी मला खिजवायचं, "सरू, फोटो नको हां, नवरामुलगा आंधळा होईल!" सगळे हसायचे. तूही हसायचास.

मी खरं मानलं, अण्णा. अकरा वर्षं मला वाटत होतं, मी तुझे डोळे घालवले.

आता फोटो ऐक. तुझी बॅट वर आहे. डोळे सताड उघडे, समोर रोखलेले. समोर काही नाही. चेंडू तुझ्या मागे जमिनीवर पडलेला आहे. तुझा जोडीदार तो उचलायला वाकलासुद्धा आहे!

मी उशिरा दाबलं होतं. नवखी माणसं तसंच करतात. दिसल्यावर दाबतात, तोवर क्षण गेलेला असतो. उजेड पडला तेव्हा पॉइंट संपला होता. आणि चेंडू मागे गेला, हे तुला तेव्हाही कळलेलं नव्हतं.

दिवसा तुझ्या तोडीचा खेळाडू ऑफिसात नव्हता. अंधार पडला की तुला दिसत नव्हतं. आधीपासूनच, ना? नोकरी खेळावर मिळालेली, म्हणून बोलला नाहीस. तेही समजून घेतलं असतं. पण माझ्या नावावर का टाकलंस? मी धाकटी, उलट बोलणार नाही म्हणून?

फोटो वैनीला दाखवला. तिने तो दिव्याजवळ धरून पाहिला. मग म्हणाली, "दिवेलागणीनंतर ते माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत. मला वाटे, प्रेम."

बायकोलाही सांगितलं नाहीस! आणि संध्याकाळच्या अंधारात मोपेड काढलीस. अड्यारच्या पुलावर लॉरी उभी होती. तिला दिवा नव्हता म्हणे. इतरांनी ती चुकवली, अण्णा. सगळ्यांनी चुकवली.

मला रडायचं होतं. तेवढंही धड करू देत नाहीस.

तुझी लेक वसू सात वर्षांची आहे. काल संध्याकाळी ओसरीवर ती पायाने चपला चाचपत होती. मी म्हटलं, "समोर तर आहेत, बाळ." ती पटकन म्हणाली, "दिसतात की, अत्ते. मी गंमत करत होते." आणि हसली. अगदी तुझ्यासारखी.

वैनी आपल्याच मामाची मुलगी. आपल्यात असंच चालत आलं आहे, आणि कोणाच्या रक्तातून काय उतरतं ते कोणी बोलत नाही. मी बोलणार आहे.

सोमवारी वसूला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेते आहे. तुझा हा फोटो बरोबर नेईन, आणि त्यांना पहिल्यापासून सगळं सांगेन. ते काहीही म्हणोत, तिला ते लपवू देणार नाही. तुझी अब्रूही राखणार नाही. अंधारात तिला आधाराला हात लागेल तेव्हा ती मागेल, मोठ्याने मागेल, आणि तो माझा असेल. एवढं वचन देते.

अजून रागावलेली,
सरू