खोकला नसलेला क्षय

आये, तुला लिहायला बसले की आधी तो डॉक्टरच डोळ्यांसमोर येतो. पालघरचा दवाखाना, तू बाकावर बसलेली, डोळे हळदीसारखे पिवळे, आणि तो नाकाला रुमाल लावून टेबलापलीकडून विचारतोय, रोज किती पितेस. शिरगावच्या किनाऱ्यावर जन्मभर बोंबील सुकवणारी तू. आपल्या घरात दारू कधी आली नाही. तू एवढंच म्हणालीस, "मी पीत नाय. वरच्या पोटात दुखतं, पाठीत जातं. हात लावून तर बघा." त्यानं हात लावला नाही. तुमच्यात सगळ्याच असं म्हणतात, असं पुटपुटत बाटलीभर औषध दिलं आणि आपण दारापर्यंत पोचायच्या आत खिडकी उघडली. त्या माणसाची मला आजही शिसारी येते.

औषधानं काही झालं नाही. मोठ्या काकीनं कावीळ उतरवायला तुझ्या मनगटावर तापल्या सळईचा डाग दिला. त्यात पू झाला, पिवळेपणा तसाच. अंगभर खाज, लुगडं कमरेवर टिकेना. बाबा तेव्हा तारापूरला वीज केंद्राच्या बांधकामावर होते. तिथल्या मुकादमानं मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्यायला सांगितलं. तिथे पोट दाबून बघताना डॉक्टरांच्या हाताला गाठ लागली. छातीचा फोटो स्वच्छ, थुंकीत काही नाही. मग तुझ्या खाटेभोवती उभे राहून, तू ऐकतेयस याची पर्वा न करता ते बोलले: स्वादुपिंडाचा कॅन्सर दिसतो, पोट उघडून पित्ताला वाट करून देऊ, बाकी आपल्या हातात काही नाही. तू भिंतीकडे तोंड केलंस.

पोट उघडल्यावर सर्जनबाईंनी मात्र गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. काही दिवसांनी त्याच सांगायला आल्या, की हा कॅन्सर नाही, क्षय आहे. बाबा म्हणाले, "पन ही तर खोकत नाय." बाई तुझ्या खाटेवर बसल्या. "हा जंतू छाती सोडून दुसरीकडेही बसतो. स्वादुपिंडात बसला की बाहेरून कॅन्सरच वाटतो, तुकडा पाहिल्याशिवाय ओळखता येत नाही. औषध आहे याला." मग महिनोन्‌महिने इंजेक्शनं, ओकारी आणणाऱ्या पुड्या, आणि तू खरंच बरी झालीस.

घरी आलो तर काकीनं तुझं ताट वेगळं मांडलेलं. पाण्याच्या हंड्याला तुला हात लावू दिला नाही. क्षयवालीची सुकी मासळी घेऊ नका, ही कुजबुजही बाजारात तिनंच पसरवली. तू निमूटपणे उंबऱ्याबाहेर बसून जेवायचीस. काही वर्षांनी तीच काकी अंथरुणाला खिळली. सुनांनी नाकं मुरडली, तेव्हा तिची घाण तू काढलीस, तिला भरवलंस. मी चिडून विचारलं तर म्हणालीस, "तिला कोन हाय दुसरं?" त्या दिवशी मला तुझीसुद्धा किळस आली.

आता तू नाहीस, हा कागद कुठे धाडणार? चुलीतच जाईल. पण काकी गेली तेव्हा मी पदरात तोंड लपवून बसले होते, खांदे हलत होते, आणि रडू नको, रडू नको म्हणत तू मला जवळ घेतलंस. मी रडत नव्हते, आये.